उचल, कोयता आणि आपली जकात

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की मी हजेरी घेण्याआधी बाकांकडे बघतो. जिल्ह्याच्या दक्षिण भागात शिकवायला होतो, तेव्हाची ही सवय. सुट्टीआधी बसणारी सात-आठ पोरं दिसत नाहीत. ती आई-बापाबरोबर उसाच्या फडावर गेलेली असतात आणि परततात ती पाडव्याच्या आसपास. तोवर बेरीज-वजाबाकीही विसरलेली असते.

आपला जिल्हा गरीब नाही. प्रवरेचे कालवे, भंडारदऱ्याचे पाणी, आणि लोणीला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी 1950 च्या सुमारास उभा केलेला सहकारी साखर कारखाना. देशाला सहकाराचा धडा इथून मिळाला, याचा मलाही अभिमान आहे. पण राहाता-कोपरगावच्या उसात कोयता चालवणारे हात पाथर्डी-जामखेडचे आणि शेजारच्या बीडचे असतात. एकाच जिल्ह्यात एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला उचल, अशी ही वाटणी आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कारखान्याच्या भाषेत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. दोन माणसे, पण हिशेब एकाचा. हंगामाआधी मुकादम उचल देतो, ती लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात जाते, आणि मग सहा महिने ती फेडायची. नाही फिटली तर पुढच्या हंगामाच्या खात्यावर. शेतकऱ्याला एफआरपी 14 दिवसांत द्यावी, उशीर झाला तर 15 टक्के व्याज, असे 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ते योग्यच आहे. तोडणाऱ्यासाठी मात्र असा आदेश नाही. त्याची मजुरी दर काही वर्षांनी संप झाला, बैठका झाल्या की ठरते. 2024 च्या जानेवारीत 34 टक्के वाढ मिळाली तीही अशीच. खाडा झाला की दंड, म्हणून बीडमधल्या कितीतरी बायकांनी गर्भाशयच काढून टाकले. 2019 मध्ये सरकारी समितीने पाहणी केली तेव्हा ती संख्या 13 हजारांच्या वर निघाली.

आता आपल्याबद्दल. सच्चर समिती 2006 ची, महमूद-उर-रहमान समितीचा अहवाल 2013 चा. दोन्ही आपण जलशात, लेखांत सतत काढतो, आणि काढावेत. सरकारने न्याय दिलेला नाही, हे खरेच आहे. पण सरकारकडे बोट दाखवताना आपल्या हातातल्या अडीच टक्क्यांचे आपण काय करतो? रमजानात रेशनची किट, साड्या, फोटो. ईद झाली की विषय संपला. (फोटोत घेणाऱ्याचा चेहरा नीट यावा म्हणून बाईला पदर सरकवायला सांगताना मी ऐकले आहे.)

सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. त्यांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. उचलीत अडकलेला तोडकरी आणखी कोण असतो? आपल्यातलीही काही घरे कोयत्यावर जातात, आपण त्यांना मोजत नाही इतकेच. बिगर-मुस्लिम मजुराला जकात द्यावी की नाही, यावर उलमांचे म्हणणे मला माहीत आहे, त्या वादात पडत नाही. सदक्याला कोणी अडवलेले नाही. फडावर शेजारच्या कोपीत राहणारा वंजारी किंवा दलित मजूर त्याच थंडीत झोपतो.

गेल्या रमजानात तरावीहनंतर मी मोहल्ल्यात हे बोललो. किट कमी करा, चार पोरांची सहा महिन्यांची राहण्या-जेवणाची सोय गावातच करू. एक बुजुर्ग म्हणाले, “सरसाहेब, किट दिलेली दिसते तरी. हे कुणाला दिसणार?” हिशेबाची वही ठेवू, असे मी म्हटले. वाद झाला, दोघे उठून गेले. शेवटी दोन पोरांपुरते पैसे जमले.

त्यांतली मुलगी यंदा दिवाळीनंतर वर्गात बसली आहे. दुसऱ्याच्या बापाकडे मी स्वतः गेलो. त्याने चहा पाजला, सगळे ऐकून घेतले, आणि म्हणाला, “सर, पोरगं इथं ठेवलं तर तिकडं वाढं कोण बांधणार? अन् धाकटीला कोण सांभाळणार?” धाकटी दीड वर्षाची आहे. तिच्या सोयीचा विचार आम्ही केलाच नव्हता.