पान काही पळत नाही

कोकणात संगमेश्वरला गेलो असता एका बागायतदाराने विचारले, रात्री गोठ्याजवळचा बिबट्या दाखवील असा उष्णतेचा कॅमेरा आपल्याला का परवडू नये? भावांनो, मला आपली कपाशी आठवली. पाणी तुटले की पानाची रंध्रे मिटतात, बाष्प थांबते, पान तापते. ते कोमेजण्याआधीच कॅमेऱ्याला दिसते. शेततळ्यातले एकच पाणी कोणत्या वावराला आधी द्यायचे, ते त्यावरून ठरेल.

पूर्वी यातला डिटेक्टर उणे 196 अंशांच्या आसपास थंड ठेवावा लागे. 1980 च्या दशकात अमेरिकेत हनीवेल कंपनीने लष्करी पैशातून थंड न करता चालणारा बनवला. निर्यातीवर बंधने आहेतच, पण सेकंदाला 9 चित्रे काढणाऱ्या कॅमेऱ्याला बरीच मोकळीक आहे. आपल्याला तेवढी पुरेत. पान काही बिबट्यासारखे पळत नाही. अनुदान नको. डिटेक्टर इथे स्वस्तात बनू द्या, तोवर आयात मोकळी ठेवा.