कुलूप न फोडता पडलेला दरोडा
पुण्याच्या कॉसमॉस या सहकारी बँकेतून ऑगस्ट 2018 मध्ये सुमारे 94 कोटी रुपये गेले. सर्व्हरमध्ये शिरलेल्यांनी एटीएमचा बनावट स्विच उभा केला. पैसे देऊ का, या एटीएमच्या प्रत्येक विचारणेला बँकेऐवजी तोच होकार देत राहिला. 28 देशांतल्या एटीएममधून नोटा निघाल्या, आपल्या शेजारच्या कोल्हापुरातूनही. सातारा-सांगलीत उसाचं बिल, हळदीची पट्टी, पेन्शन, कितीतरी घरांचं सारं सहकारी बँकांत आणि पतसंस्थांत असतं. तेव्हा वार्षिक सभेत लाभांशाइतक्याच आग्रहानं विचारा: नोकरी सोडून गेलेल्याचा पासवर्ड बंद केला का? सर्व्हरच्या रात्रीच्या नोंदी कोण तपासतं? घुसखोरी कळल्यावर सहा तासांत सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवायचं बंधन 2022 पासून आहे, ते संचालकांना ठाऊक आहे का?