बेटकुळीवाल्या गाड्या परत आल्या!

परवा रविवारी आमच्या घरात मोठंच रणकंदन माजलं. कारण काय, तर खेळण्यातल्या दोन गाड्या! भाची आणि तिचा धाकटा भाऊ सुटीला आले आहेत. दोघांच्या हातात एकेक नारिंगी गाडी. दोन्हींच्या पोटावर एकच नाव, डॉज चॅलेंजर. दोन्हींचं नाक लांबलचक, शेपूट आखूड, समोर चार गोल दिवे.

"माझी खरी, १९७० सालची," भाची म्हणाली. "याची नक्कल आहे."

"माझी २००८ सालची, कोरी करकरीत! हिचीच भंगारात घाला," धाकटा म्हणाला.

उश्यांची फेकाफेक झाल्यावर खटला माझ्यासमोर आला. "मामा, तूच सांग. एकाच गाडीचे दोन जन्म कसे?"

प्रश्न झकास होता. मग मी चहाचा कप बाजूला ठेवला आणि बैठक मारली.

या गाड्यांना अमेरिकेत म्हणतात 'मसल कार'. मसल म्हणजे स्नायू. पण 'स्नायू-गाडी' म्हटलं की दवाखान्याचा वास येतो, नाही का? तालमीत जाणारा एखादा पोरगा उगाच बाही वर सरकवून दंडाची बेटकुळी दाखवतो ना, तशी ही गाडी. म्हणून मी तिला बेटकुळीवाली गाडी म्हणतो. अंग साधंच, किंमत तरुण पोरांना झेपेल अशी, आणि नाकाखाली मात्र भलंमोठं इंजिन.

हिची सुरुवात झाली ती एका पळवाटेतून. जनरल मोटर्स कंपनीचा दंडक होता, की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा, म्हणजे साधारण ५.४ लिटरपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. त्याच कंपनीच्या पाँटिअ‍ॅक शाखेत जॉन डेलोरिअन नावाचे मुख्य अभियंता होते. त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तर मोठंच इंजिन घालायचं होतं. मग त्यांनी नियम नीट वाचला. नवी गाडी काढायची तर वरच्या साहेबांची परवानगी लागते. पण असलेल्या गाडीवर गिऱ्हाइकाला 'जादा सामान' विकायला कुठे लागते? झालं! १९६४ साली टेम्पेस्ट नावाच्या सरळमार्गी गाडीवर जादा सामान म्हणून त्यांनी चक्क ३८९ घन इंचांचं इंजिन विकायला काढलं. नाव ठेवलं जीटीओ. तेही फेरारी या इटालियन कंपनीच्या गाडीवरून बिनदिक्कत उचललेलं. वाटलं होतं, ५००० गाड्या खपतील. पहिल्याच वर्षी खपल्या ३२,००० च्या वर. मग कुठले साहेब रागावतात!

आता एक गणित करा. ३८९ घन इंच म्हणजे जवळजवळ ६.४ लिटर. त्या इंजिनात सिलिंडर आठ. भागा बरं. एका सिलिंडरच्या वाट्याला सुमारे ८०० घन सेंटिमीटर येतात. आणि आपल्या मारुती ८०० चं अख्खं इंजिन किती? ७९६! म्हणजे जीटीओच्या एकेका सिलिंडरमध्ये एकेक मारुती बसली होती म्हणा ना.

हे आठ सिलिंडर चार-चारच्या दोन रांगांत, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे तिरपे बसवलेले असतात. म्हणून नाव व्ही-८. पेट्रोलची ठिणगी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी शिस्तीत पडत नाही, मध्येच एकाच रांगेत लागोपाठ दोनदा पडते. त्यामुळे आवाज एकसुरी येत नाही. गाडी उभी असली तरी पोटातून गुरगुरते. हा आवाज लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

जीटीओच्या पाठोपाठ रांगच लागली. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डची मस्टँग आली, किंमत फक्त २,३६८ डॉलर. मग शेव्हरोलेची कॅमॅरो, डॉजची चार्जर, आणि आमच्या भाचीची चॅलेंजर. (मस्टँग आणि कॅमॅरो आकाराने लहान, म्हणून त्यांना 'पोनी कार' म्हणजे तट्टू-गाड्या म्हणायचं, असं जाणकार सांगतात. त्यावरून ते तासन्‌तास भांडतात. आपल्याकडे उश्या तेवढ्या नाहीत.)

एक खरं सांगू का? या जुन्या गाड्या सरळ रस्त्यावर पटाईत, पण वळायला नाखूश आणि थांबायला त्याहून नाखूश. ब्रेक जेमतेम, टायर अरुंद. आज जे म्हातारे त्यांच्या आठवणीने डोळे पुसतात, ते ही गोष्ट सहसा सांगत नाहीत.

आणि मग एकाएकी सगळं संपलं. विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते भरमसाट वाढवले. १९७० साली अमेरिकेत हवा स्वच्छ ठेवण्याचा कडक कायदा झाला, त्यामुळे धूर ओकणाऱ्या इंजिनांना लगाम बसला. त्यात १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं. पंपांवर मैलभर रांगा! अशा वेळी पेट्रोल ढोसणारी गाडी कोण घेणार? १९७४ ची मस्टँग अमेरिकेत आली ती व्ही-८ शिवायच. तिचं मोठ्यात मोठं इंजिन सहा सिलिंडरचं, अश्वशक्ती फक्त १०५. पहिलवानाला टायफॉइड झाला म्हणायचा! त्याच वर्षी चॅलेंजर बंद पडली. कॅमॅरो कशीबशी तग धरून राहिली, तीही २००२ मध्ये गेली.

"मेली?" धाकट्याने विचारलं. त्याचा आवाज जरा खाली आला होता.

थांब. इथेच खरी गंमत आहे. १९६० च्या दशकात शाळकरी असलेली पोरं आता पन्नाशीला आली होती. तेव्हा खिशात पैसे नव्हते म्हणून जी गाडी नुसती खिडकीतून बघितली, ती आता परवडत होती. पण गाडी कुठे होती? कंपन्यांनी हे बरोब्बर हेरलं. २००५ सालासाठी फोर्डने नवी मस्टँग काढली, ती बाहेरून थेट १९६० च्या दशकातली. तेच पुढे झुकलेलं नाक, कुशीवर तीच खोबण, मागे तेच तीन-तीन पट्ट्यांचे दिवे.

या नव्या मस्टँगचे मुख्य अभियंता कोण होते माहीत आहे? हाऊ थाय-तांग. जन्म व्हिएतनाममधल्या सायगॉनचा. तिथे युद्ध चाललेलं. अमेरिकन सैनिकांना विरंगुळा म्हणून एक मस्टँग तिथे दाखवायला आणली होती, ती या चिमुरड्याने पाहिली. १९७५ साली सायगॉन पडलं, त्याचं कुटुंब सगळं मागे टाकून अमेरिकेत आलं. न्यूयॉर्कमध्ये वाढलेला तो मुलगा पुढे फोर्डमध्ये लागला आणि मस्टँगच त्याच्या हाती सोपवण्यात आली!

मस्टँग धडाधड खपू लागल्यावर बाकीचे कशाला स्वस्थ बसतात? जानेवारी २००६ च्या डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात नव्या चॅलेंजरचा आणि नव्या कॅमॅरोचा नमुना एकाच वेळी मांडला गेला. चॅलेंजर २००८ मध्ये रस्त्यावर आली, कॅमॅरो २००९ मध्ये. 'अस्सल अमेरिकन' म्हणून मिरवणाऱ्या या गाड्या तेव्हा बनत होत्या कॅनडात! कॅमॅरोचा सांगाडा तयार केला ऑस्ट्रेलियातल्या होल्डन कंपनीने, तिच्या नमुन्याच्या चित्रामागे सांगयुप ली या कोरियात जन्मलेल्या कलाकाराचा हात, आणि चॅलेंजरच्या खाली मर्सिडीजकडून उसनं घेतलेलं तंत्र. अमेरिकन काय होतं, तर आठवण आणि आवाज.

मुहूर्तही काय साधला होता! २००८ मध्ये पेट्रोल कडाडलं, २००९ मध्ये क्रायस्लर आणि जनरल मोटर्स दोघांनीही दिवाळखोरीचा अर्ज केला. जिने हा सगळा उद्योग सुरू केला ती पाँटिअ‍ॅक त्यातच कायमची बंद झाली. कॅमॅरो मात्र वाचली आणि २०१० मध्ये अमेरिकेत मस्टँगपेक्षाही जास्त खपली.

आता भाची-भाच्याच्या भांडणाचा निकाल. रूप जुनं, पण आतली गाडी वेगळीच. जुन्या इंजिनात पेट्रोल कार्ब्युरेटरमधून अंदाजपंचे जायचं. नव्यात संगणक मोजून थेंब थेंब सोडतो. आठपैकी चार सिलिंडर महामार्गावर गुपचूप झोपी जातात, गरज पडली की जागे होतात. फरक किती? १९७४ च्या सहा सिलिंडरच्या मस्टँगची ताकद सांगितली, १०५. २०११ च्या सहा सिलिंडरच्या मस्टँगची ३०५! इंजिनाचा आकार तिप्पट झाला नाही हं, २.८ लिटरवरून ३.७ लिटर एवढाच. जिला धुराच्या कायद्याने मारलं असं म्हणत होते, ती तो कायदा पाळूनच परत आली.

तर, खटल्यात दोघेही जिंकले. पण गोष्ट इथे थांबली नाही.

एकदा बेटकुळी फुगवायला लागलं की थांबायचं कुठे? २०१५ ची हेलकॅट नावाची चॅलेंजर ७०७ अश्वशक्तीची निघाली. तिला दोन किल्ल्या. लाल किल्लीने सगळी ताकद, काळीने फक्त ५००! २०१८ ची डीमन ८४० पर्यंत गेली. तिच्यात चालकाशेजारची सीटच नव्हती, हवी तर एक डॉलर द्या. २०२३ ची शेवटची डीमन तर १,०२५. दोघांनी एकदम "आयला!" म्हटलं. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा तेच म्हणालो होतो.

पण त्याच २०२३ मध्ये अमेरिकेतल्या 'इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी' या संस्थेने अपघातांचा हिशेब मांडला. ज्या गाड्यांचे चालक सर्वात जास्त मरतात, त्या यादीत मस्टँग, कॅमॅरो, चॅलेंजर आणि चार्जर पुन्हा पुन्हा दिसल्या. दुसऱ्या गाडीतल्या चालकाचा जीव घेणाऱ्यांच्या यादीतही. एअरबॅग आहेत, घसरू न देणारे ब्रेक आहेत, तरीही. जिथे गाडी 'पळव, पळव' म्हणून गुरगुरत असते, तिथे ब्रेक तरी किती पुरणार?

भाची गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणून बंद केल्या का?"

नाही गं. त्या अपघातांसाठी नाही, धुराच्या पुढच्या नियमांसाठी आणि विजेच्या गाड्यांसाठी. डिसेंबर २०२३ मध्ये शेवटची चॅलेंजर कारखान्यातून बाहेर पडली, त्याच सुमारास कॅमॅरोही संपली. मस्टँग तेवढी व्ही-८ घेऊन उभी राहिली. आपल्याकडे ती २०१६ मध्ये आली होती, ६५ लाख रुपये! त्याआधीच्या पिढ्यांत कंपनीतून चाक उजवीकडे नव्हतंच ना, म्हणून कंपनीतून थेट येणं शक्यच नव्हतं.

आणि डॉजने काय केलं? २०२४ मध्ये विजेवरची चार्जर आणली. ६७० अश्वशक्ती, पळायला तुफान. पण विजेची मोटर गुरगुरत नाही! मग गाडीच्या मागे आवाजाची पेटी बसवली. पायडल दाबलं की ती हेलकॅटइतक्याच मोठ्याने गर्जना करते. गिऱ्हाइकं काही फार खूश झाली नाहीत, आणि पुढच्याच वर्षी कंपनीला पेट्रोलवरची, सहा सिलिंडरची चार्जर आणावी लागली.

"म्हणजे गाडी शांत, आणि आवाज स्पीकरचा?" भाची खो-खो हसायला लागली. "हे म्हणजे मिरवणुकीत ढोलवाले घरी आणि ढोलाची कॅसेट लावलेली!"

धाकट्याला मात्र त्यात काही हसण्यासारखं वाटलं नाही. त्याने आपली २००८ ची चॅलेंजर फरशीवर ठेवली, गाल फुगवले आणि "घुर्रर्र" करत तिला थेट स्वयंपाकघरात नेलं. त्याच्यामागून बहिणीचीही "घुर्रर्र" करत गेली.