वऱ्हाडीकडून फक्त हशाच का मागायचा?

१/ वऱ्हाडी ही बोली. तिच्यात विनोद शोभतो, गंभीर चित्रपट नव्हे, असा समज आजही रूढ आहे. इतिहासाची साक्ष मात्र त्याच्या विरुद्ध आहे.

२/ अचलपूर ही इमादशाहीची राजधानी. त्याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरात तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ वऱ्हाडात घडला. तरीही पडद्यावर वऱ्हाडी माणूस येतो तो बहुधा हसे करून घेण्यासाठीच.

३/ कँटोनीजलाही ‘बोली’ म्हणून हिणवले गेले. १९७०च्या दशकारंभी हाँगकाँगच्या पडद्यावर मँडरिनचे इतके वर्चस्व होते की कँटोनीज चित्रपट जवळजवळ थांबले. १९७३च्या ‘द हाउस ऑफ ७२ टेनंट्स’ने त्यांना परत आणले.

४/ वाँग कार-वाईच्या ‘इन द मूड फॉर लव्ह’मध्ये (२०००) भाडेकरू कँटोनीज बोलतात, घरमालकीण शांघायची बोली. १९६२च्या हाँगकाँगमधील स्थलांतरितांचे जग केवळ उच्चारांतून उभे राहते. सर्वांच्या तोंडी एकच प्रमाणभाषा घातली असती, तर तो इतिहास मुका झाला असता.

५/ सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ने (२००९) हेच वऱ्हाडीत साधले. नवरा आत्महत्या करील या धास्तीने बायको मुलाला आणि सासूला त्याच्या पाळतीवर ठेवते. प्रेक्षक हसतो आणि त्याच क्षणी हादरतो. शीर्षकातील शिवीलाही प्रमाण मराठीत तोड नाही.

६/ ज्या भूमीने मराठीला पहिले गद्य दिले, तिच्या बोलीकडून केवळ हशा मागणे ही अभिरुची नव्हे. ते इतिहासाचे अज्ञान आहे.