गुप्ततेची किंमत कोणाच्या माथी?

महानगरात माणसाला गर्दीचा आडोसा फुकट मिळतो. जिल्ह्याच्या गावी तो मिळत नाही. तेथे लॉजचा व्यवस्थापक, रिक्षावाला, नाक्यावरचा शिपाई यांपैकी कोणी तरी ओळखीचा निघतोच. म्हणूनच लहान शहरातील ‘एस्कॉर्ट’ संस्था देहसुखाइतकीच गुप्तताही विकते.

या विक्रीला कायद्याचे पाठबळ नाही. १९५६ च्या अनैतिक व्यापारविषयक कायद्यानुसार प्रौढ स्त्रीचा स्वेच्छेचा वेश्याव्यवसाय हा मुळात गुन्हा नसला, तरी कुंटणखाना चालविणे आणि दुसऱ्याच्या अशा कमाईवर जगणे हा गुन्हाच आहे. साहजिकच दलालाने शब्द मोडल्यास दाद कोठे मागावयाची? ग्राहकाच्या ओळखपत्राची प्रत व दूरध्वनी क्रमांक हेच मग दलालाचे भांडवल बनते. भारतीय न्याय संहितेचे कलम ३०८ खंडणीखोराला शिक्षा सांगते. परंतु फिर्याद म्हणजे चव्हाट्यावर येणे, या धास्तीने तोंडे बंद राहतात.

तथापि, ग्राहकाची अब्रू हा प्रश्नाचा अर्धाच भाग होय. धाडीनंतर गावभर फिरते ते बहुधा स्त्रीचे छायाचित्र. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपण हा मूलभूत हक्क मानला. १९ मे २०२२ च्या आदेशात, धाडीच्या वेळी अशा स्त्रियांची ओळख माध्यमांनी उघड करू नये यासाठी प्रेस कौन्सिलने मार्गदर्शक सूचना काढाव्यात, असेही म्हटले. पोलीस ठाणे व वृत्तपत्र कचेरी यांनी हे पथ्य पाळल्यास फिर्यादीची धास्ती ओसरेल आणि दलालाचे भांडवलही आटेल.