सधन उपनगरात कोणता व्यवसाय?

जबलपूरच्या मंडला मार्गावर तिलहरीसारख्या भागात बंगले उभे राहिले, की नवउद्योजकाच्या मनात प्रथम येते ते उंची वस्त्रांचे किंवा भेटवस्तूंचे दुकान. सधन वस्तीत महाग माल खपणारच, हे गणित सरळ दिसते. पण ते फसवे आहे. ज्याच्या दारी मोटार उभी आहे तो साडी घ्यायला सदर बाजार गाठतो. तेथे निवड मोठी असते, शिवाय घरच्यांचा फेरफटकाही होतो.

त्याच साडीच्या फॉल-पिकोसाठी मात्र पुन्हा शहरात जाणे जिवावर येते. भर मे महिन्यात कूलरची मोटर जळाली किंवा पाण्याचा पंप बंद पडला, तर हाताशी पैसा असूनही कारागीर सापडत नाही. मुले पुण्या-बंगळुरूला असलेल्या वृद्ध दांपत्यांची अडचण तर विचारायलाच नको. उपनगराची खरी गरज येथे आहे.

घरगुती पुरणपोळीचा विचारही काहींच्या मनात येतो. होळीला शहरातील मराठी कुटुंबे ती आवडीने घेतील. गाळ्याचे भाडे मात्र बारा महिने द्यावे लागते.

दुरुस्ती-सेवेत मालात भांडवल फारसे अडकत नाही. अवजारे आणि सुटे भाग यांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेतील 'किशोर' गटाचे, ५० हजारांहून अधिक व ५ लाखांपर्यंतचे कर्ज बहुधा पुरेल. कठीण आहे ते कुशल माणसे टिकवणे. पावसाळ्याच्या मंद महिन्यांत दोन कारागिरांचा पगार कोठून निघेल, हा हिशेब कर्जाच्या अर्जाआधीच कागदावर मांडलेला असावा.