कडी-कोयंड्याचा प्रश्न

बीड जिल्ह्यातील जुन्या माळवदाच्या घराचा सागवानी दरवाजा पिढ्यान्‌पिढ्या ऊन-पावसाला तोंड देत शाबूत उभा असतो, आणि तरीही केवळ त्याची कडी तुटली किंवा कोयंडा झिजला एवढ्याच कारणाने तो उतरवून त्याच्या जागी पत्र्याचा दरवाजा बसविला जातो, ही गोष्ट मला मनापासून खेदकारक वाटते. दरवाजा निकामी झालेला नसतो. त्याला साजेसे सामान बाजारातून नाहीसे झालेले असते, आणि हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे उत्तम सागवान मातीमोल भावाने विकले जाते.

हार्डवेअरच्या दुकानातील अल्ड्रॉप, मुठी आणि बिजागऱ्या आजच्या हलक्या दरवाजांच्या बेताने घडविलेल्या असतात. जाड, जड झडपेवर त्या बसविल्या की आखूड स्क्रू वरच्या थरातच अडकून राहतात आणि रोजच्या ओढाताणीने ढिले पडतात. याउलट जुना कोयंडा नीट न्याहाळावा. लोखंडाची सळई मधोमध दुमडून तिचा वेढा पुढे ठेवलेला, दोन्ही टोके लाकडातून आरपार नेलेली आणि मागील बाजूस चकतीवरून परस्परविरुद्ध दिशांना वाकवून ठोकलेली; म्हणजे ओढीचा भार लाकडाच्या संपूर्ण जाडीने पेलावा, ही त्यामागची योजना. कित्येक जुन्या झडपांना तर बिजागरीच नसते. झडपेच्याच लाकडातून वर-खाली काढलेल्या खुंटांवर त्या फिरतात. त्यांच्यावर नवी बिजागरी लादणे म्हणजे धडधाकट चौकट विनाकारण पोखरणे होय.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दगड-मातीच्या घरांविषयी साऱ्या मराठवाड्यात धास्ती बसली, आणि ती निराधार नव्हती. तेव्हा जुनी घरे पाडणाऱ्यांना मी दोष देणार नाही. परंतु घर पाडताना कड्या, कोयंडे, पितळी मुठी आणि मोठ्या डोक्याचे खिळे किलोच्या हिशेबाने भंगारात घालण्याऐवजी गावातल्या सुताराच्या स्वाधीन केले, तर शेजारच्या आळीतील दरवाजाची गरज त्यातूनच भागेल.

आणि जेथे तसा जुना नग मिळत नाही, तेथे घिसाडी आहे. गावकुसाबाहेर पाल ठोकून, भाता फुंकीत, नवऱ्याने सांडशीत धरलेल्या तापल्या लोखंडावर बायकोने घणाचे घाव घालावेत, अशा रीतीने कोयते आणि खुरपी घडविणारे हे हात तुटलेली कडी नमुन्यादाखल समोर ठेवली की तशीच दुसरी घडवू शकतात. दसरा-दिवाळीनंतर घराला कुलूप लावून कित्येक महिन्यांसाठी पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड कुटुंबांच्या या जिल्ह्यात, मागे राहिलेल्या घराची राखण एका कोयंड्यावर सोपविलेली असते. तो मजबूत असावा ही चैन नव्हे.

केंद्र शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतार, लोहार आणि कुलूप बनविणारे कारागीर यांचा समावेश आहे, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूदही आहे. पण ज्याचे बिऱ्हाड सतत हलते त्या घिसाड्याने रहिवासाचे दाखले कोणत्या दप्तरातून पैदा करावेत? महसूल खात्याने तालुक्याच्या आठवडी बाजारातच त्याची नोंद करून घेण्याची व्यवस्था केली पाहिजे.

वाचकांना मात्र सरकारी हुकुमाची वाट पाहण्याचे कारण नाही. यंदा कोयत्याला पाणी देऊन घेण्यासाठी घिसाड्याकडे जाल तेव्हा घरची तुटलेली कडीही सोबत न्या, आणि तो सांगेल ते दाम घासाघीस न करता त्याच्या हाती ठेवा.